टेपवाडीचा अविश्वास प्रस्ताव

नागरिकशास्त्राच्या मास्तराला शाळेत कुणी विचारत नाही. गणिताच्या मास्तराला पोरं घाबरतात, खेळाच्या मास्तरावर जीव टाकतात, आणि आमचा विषय म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाला मागून जोडलेली थोडीशी पानं. महाडजवळच्या नाते गावात मी हयातभर तीच पानं शिकवली. बहुमत, मंत्रिमंडळ, विरोधी पक्ष, अविश्वास प्रस्ताव. पोरं परीक्षेपुरतं पाठ करायची आणि मोकळी व्हायची. निवृत्त झालो आणि बायकोला, म्हणजे तुळसाला, घेऊन पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या टेपवाडीत परत आलो, तेव्हा वाटलं, सुटलो. आता या विषयाशी आपला काही संबंध नाही.

टेपवाडी म्हणजे डोंगराच्या अंगावर बावीस उंबरे. निम्म्याहून जास्त घरांतले पुरुष मुंबईला, उरलेल्यांतले काही महाडच्या एमआयडीसीत पाळीवर, आणि वाडीत बायका, म्हातारी माणसं आणि गुरं. तरी कारभार मोठा शिस्तीचा. वाघजाईच्या देवळात सभा भरते आणि सभेचा कायदा आज्या-पणज्यांपासून एकच आहे, घरटी एक मत. घर मोठं असो की लहान, भाऊ चार असोत की एक, मत एकच.

कारभारी होता महिपत. माझ्याच वयाचा, माझ्याबरोबर गुरं राखलेला, मुंबईला गोदीत नोकरी करून परत आलेला. मनाने राजा माणूस. कुणाच्या घरी मयत झालं तर सगळ्यांत आधी महिपत हजर, कुणाची म्हैस अडली तरी महिपत हजर. पण एकदा कारभारी झाला तो झालाच. सभेत तो बोलायचा आणि बाकीचे माना हलवायचे. मुंबईकरांची मतं तर तो खिशातच घेऊन फिरायचा. "पांडूचा फोन आला होता, त्याचं मत माझ्याकडं. अनिलचं पन माझ्याकडं," असं म्हणत एकटाच सात-आठ घरांचा हात वर करायचा. हात दोनच असल्यामुळे उरलेले तो तोंडाने मोजायचा.

देवळात आणखी एक मोठा माणूस बसायचा, कोंडाजीबाबा. ते वाडीचे गावकार. पालखीला पहिला खांदा त्यांचा, होळीला पहिला अग्नी त्यांचा, सभेचा नारळ त्यांच्या हातचा. सगळं त्यांच्या नावाने चालायचं आणि ते स्वतः काहीच ठरवायचे नाहीत, मतसुद्धा द्यायचे नाहीत. राष्ट्रपती म्हणजे काय हे पोरांना समजावताना मला घाम फुटायचा. एक दिवस कोंडाजीबाबांना वर्गात नेऊन बसवलं असतं तर तो धडा पाच मिनिटांत संपला असता.

आमच्या वाडीचं दुखणं एकच, पाणी. २०२१ च्या जुलैत तिकडे तळीयेवर दरड आली, त्याच पावसात आमच्याही डोंगराचा एक तुकडा सरकला. देवीच्या कृपेने माणसं वाचली, पण घरांजवळचा पाणवठा मातीखाली गेला. तेव्हापासून बायका खालच्या ओढ्यावरून पाणी आणतात. शिमगा जवळ आला की ओढाही आटतो आणि मग दगडांमधल्या खड्ड्यातून वाटीवाटीने हंडा भरायचा. घरोघरी नळ बसलेत, अगदी चकचकीत, त्यांतून पाणी यायचं तेवढं राहिलंय. वर रानात एक बारमाही झरा आहे. तिथून नळांच्या टाकीपर्यंत पाइप टाकला की काम भागेल, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मुंबईकरांच्या मंडळाकडे वर्गणी जमलेली होती. आणि महिपतच्या मनात होती कमान. वाडीच्या तोंडाशी, रस्त्यावर, दोन बाजूंना दोन सिंह, मध्ये देवीचं नाव आणि खाली मंडळाचं.

माझ्या तुळसाचे गुडघे गेलेत. तरी रोज चार खेपा करते. मी कळशी घेऊन निघालो की अख्खी वाडी दारात येऊन बघते, म्हणून ती मला जाऊ देत नाही. चढ चढून ती वर येते, फणसाखाली थांबते, एक हात गुडघ्यावर ठेवते आणि मग पुढे चालू लागते. मी ओटीवर बसून हे बघतो. मला ते अजिबात बघवत नाही, आणि बघण्यावाचून मी दुसरं काही करतही नव्हतो.

तर झालं असं, की मागच्या सभेत कुणीतरी कुणाची कॉलर धरली. मुंबईच्या मंडळाने निरोप धाडला, सभा शिस्तीत घ्या आणि तटस्थ अध्यक्ष नेमा. महिपत माझ्या ओटीवर आला.

"मास्तर, तू जन्मभर हेच शिकवलंस. आता बस खुर्चीत. टेन्शन नाय घ्यायचं, मी सगळं सांभाळतो."

"खुर्चीत मी बसलो तर नियम माझे चालतील."

"चालव की! आपली मेजॉरिटी हाय."

मला इतका आनंद झाला की मी तसाच आत गेलो. तुळसा कुळीथ निवडत होती. तिला म्हटलं, "मी सभेचा अध्यक्ष झालो. अध्यक्ष कुणाच्याच बाजूचा नसतो. त्याला मत नसतं. दोन्हीकडे सारखी मतं पडली तरच तो मत देतो."

तिने सुपातून डोकं वर काढलं. "म्हंजे आपल्या घराचं मत गेलं?"

"तसं म्हणता येईल."

"अवो, भावजींनी तुमाला मान दिला आनि मत काढून घेतलं. आनि तुमी हसत घरात आलात!"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग तिनेच विचारलं, "मत घराचं का मानसाचं?"

"घराचं," मी म्हटलं.

"मग बरं हाय," असं म्हणून ती पुन्हा कुळथाकडे वळली. इतकी वर्षं संसार करून मला तेव्हाच कळायला हवं होतं की ही काहीतरी शिजवतेय.

फेब्रुवारीतल्या रविवारी सभा भरली. मला प्लास्टिकची खुर्ची, कोंडाजीबाबांना खांबाजवळचं घोंगडं, बाकीच्यांना सतरंजी. बायका एरवी मागच्या खांबाआड उभ्या असतात आणि चहा देतात. त्या दिवशी त्या सतरंजीवर येऊन बसल्या, तुळसा सगळ्यांत पुढे.

महिपत म्हणाला, "वहिनी, चहाचं काय झालं?"

"आज चहा तुमी टाका. मी सभेला आलेय."

"सभेत घरातला मानूस बोलतो, वहिनी."

"माझ्या घरातला मानूस खुर्चीत बसलाय. त्याला मत नाय. पन घर हाय ना? घराचं मत मी देनार."

तिच्यामागून गोदूबाई उठली. गोदूबाई वाडीतली सगळ्यांत जुनी बाई, मुलगा आणि सून दोघं मुंबईला. ती म्हणाली, "माझा झील मुंबईत. घरात मी एकटी. मग माझ्या घराचं मत महिपत, तुझ्या खिशात कसं रे गेलं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वर्गात मी हे इतक्यांदा सांगितलं होतं, पण वर्गात कुणी माझ्या शब्दावर काही करायला बसलेलं नसायचं.

मी म्हटलं, "संसदेत मत त्याचं, जो हजर आहे. फोनवरून मत देता येत नाही, दुसऱ्याच्या खिशातूनही देता येत नाही. आपला कायदा म्हणतो घरटी एक मत. ते पुरुषाचं, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. घरातलं जे कुणी सभेला आलंय, त्या घराचं मत त्याचं. हा अध्यक्षाचा निर्णय आहे आणि तो अंतिम आहे."

महिपतचा चेहरा लालबुंद झाला. "म्हंजे तू मला पाडायला बसलास का खुर्चीत?"

"मी नियम सांगायला बसलोय. आता प्रश्नोत्तरांचा तास. कारभाऱ्याला कुणीही प्रश्न विचारू शकतं आणि त्याने उत्तर द्यायचं असतं."

तुळसा उभीच होती. "कमान बांधली की तिच्यातून कोन जानार?"

"सगळी वाडी जानार!"

"हंडे घेऊन?"

देवळात हशा पिकला. कोंडाजीबाबाही हसले आणि मग आपण हसायचं नसतं हे आठवून गंभीर झाले. महिपत म्हणाला, "पान्याचा विचार चालू हाय. योग्य वेळी योग्य निर्नय घेऊ." मंत्री लोक असंच उत्तर देतात, आणि महिपत ते कुठल्याही शाळेत शिकलेला नव्हता.

तुळसाने पदर खोचला. "किती वर्सं विचार चालू हाय? आमचा या कारभाऱ्यावर भरवसा नाय."

फळ्यावर जो लिहून लिहून खडू संपवले तो अविश्वास प्रस्ताव माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच बायकोच्या तोंडून, वाघजाईच्या देवळात आला होता. मला उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. अध्यक्षाला ते शोभत नाही म्हणून मी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"म्हंजे रे काय, मास्तर?" कोंडाजीबाबांनी विचारलं.

"बाबा, कारभारी सभेच्या भरवशावर कारभारी असतो. निम्म्याहून जास्त घरं नको म्हणाली की त्याने उतरायचं. तो वाईट माणूस आहे म्हणून नाही, त्याच्यामागे बहुमत राहिलं नाही म्हणून."

मी प्रस्ताव मताला टाकला. प्रस्तावाच्या बाजूने नऊ घरं. विरोधात महिपत धरून नऊ. तीन घरांना कुलूप, आणि गावकार मत देत नाहीत. विरोधात हात वर करणाऱ्यांत रितेश होता, एमआयडीसीत औषधांच्या कारखान्यात जाणारा, शिकलेला, त्याचं मला जरा आश्चर्य वाटलं. मी पुन्हा मोजलं. पुन्हा नऊ-नऊ.

आता सगळे हात खाली आले आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. तुळसाच्या चेहऱ्यावर हसू होतं. काम झालं, अशा थाटात ती शेजारणीकडे बघत होती. वरचा झरा, पाइप, टाकी, सगळं माझ्या एका हातावर होतं. आणि मला ते पाणी हवं होतं, कुणापेक्षाही जास्त हवं होतं.

पण मी म्हटलं, "आमच्या घराचं मत पडलंय, तुळसाने दिलंय. मी आता दुसरं तिकडेच दिलं तर एका घराची दोन मतं होतील. आणि सरकार पाडायचं तर सभेने पाडावं, खुर्चीने पाडू नये. निम्मी घरं म्हणजे बहुमत नव्हे. सभेला स्वतःचं मन ठरवता आलेलं नसेल तर अध्यक्षाने आहे ते तसंच ठेवायचं आणि पुन्हा विचार करायला वेळ द्यायचा, अशी रीत आहे. माझं मत प्रस्तावाच्या विरोधात. प्रस्ताव फेटाळला."

महिपत धावत आला आणि मला मिठी मारली. "मास्तर, दोस्त असावा तर असा!"

"बाजूला हो," मी ओरडलो. "तुझ्यासाठी नाही दिलं."

देवळाच्या पायरीवर ठेवलेला रिकामा हंडा तुळसाने उचलला आणि ओढ्याकडे चालू लागली.

पुढचे दिवस आमच्या घरात विरोधी पक्षाने सभात्याग केला होता. जेवण वेळेवर वाढलं जायचं, चहा मिळायचा, पण बोलणं बंद. मुलीचा पुण्याहून फोन आला की तुळसा मला ऐकू जाईल अशा बेताने सांगायची, "तुझे बाबा बरे हायत. नियम पाळतायत." ती चढ चढून यायची, फणसाखाली थांबायची, आणि माझ्या मनात यायचं, चुलीत गेली ती रीत. एक हात वर केला असता तर काय आभाळ कोसळणार होतं? मला फार वाईट वाटायचं. कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण मी तटस्थ होतो.

एका दुपारी रितेश सकाळची पाळी संपवून मोटरसायकलवरून घरी चालला होता, तो मुद्दाम थांबला.

"गुरुजी, तुम्ही त्या दिवशी काकींच्या बाजूने मत दिलं असतं ना, तर मी परत सभेला आलो नसतो. मला वाटलेलं, नवरा खुर्चीत, बायको समोर, म्हणजे हे सगळं घरात ठरवून आणलंय. म्हणून मी महिपतकाकांकडे हात केला. बाकी पाणी मलाही पाहिजे. माझी बायको पण तोच हंडा उचलते."

मी आत पाहिलं. तुळसा दाराशीच उभी होती. तिने ते ऐकलं असणार. त्या रात्री ताटात दोन घावन जास्तीचे पडले, आणि जेवताना तिने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"पुन्यांदा आनता येतो का तो प्रस्ताव?"

"कोणत्याही सदस्याने विचारलं तरी नियम सांगणं माझं काम आहे," मी म्हटलं. "आणता येतो. थोडे दिवस जाऊ द्यायचे."

"आनि तोवर हरलेल्यांनी काय करायचं?"

"विरोधी पक्ष म्हणून उभं राहायचं. प्रश्न विचारत राहायचं. आपली माणसं फुटू द्यायची नाहीत. मतदानाच्या वेळी सगळ्यांनी एकसारखं वागावं म्हणून पक्षाचा नेता आदेश काढतो, त्याला पक्षादेश म्हणतात. तो मोडायचा नाही."

"असं," तुळसा म्हणाली आणि घावनाचा तुकडा मोडला.

महिपतही येऊन गेला. मी त्यालाही तेच सांगितलं, शब्दाचाही फरक केला नाही. तो हसला. "अरे, शिमग्याला मुंबईकर येतायत. प्रत्येक घरात बाप्या हजर असनार. तुझ्याच नियमाने त्यांची मतं खरी, आनि ती सगळी माझी. हारायचा सवालच नाय." कोंडाजीबाबा ओटीवर पान कुटत बसले होते. गावकाराने कारभाऱ्याला एखादा सल्ला द्यावा, एखादा इशारा द्यावा, एवढा त्याचा अधिकार असतो. तो त्यांनी वापरला. म्हणाले, "महिपत, बायका लई शांत हायत. बघ रे बाबा."

महिपतने बघितलं नाही.

शिमग्याला मुंबईकर आले. गाड्या भरून आले, पांढरेशुभ्र कपडे घालून, पालखी नाचवायला. होळी झाली, ढोल झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी उठली, आंघोळीला पाणी मागू लागली आणि घराघरातून एकच उत्तर आलं, "आमाला आदेश हाय." हंडे, कळश्या, बादल्या ओळीने ओटीवर मांडून ठेवलेल्या होत्या. टेपवाडीतली एकही बाई त्या दिवशी ओढ्यावर उतरणार नव्हती. ज्याला पाणी पाहिजे त्याने आणावं, अशी तुळसाने सगळ्यांना ताकीद दिली होती.

मी माझ्या घरात बघितलं. हंडा रिकामा.

"मी तटस्थ आहे," मी म्हटलं.

"म्हनून तुमाला आदेश नाय. तुमचं तुमी बघा," असं म्हणून ती गोदूबाईच्या ओटीवर गप्पा मारायला गेली.

मी कळशी घेऊन उतरलो तर ओढ्यावर जत्रा भरलेली. गॉगल लावलेले, टॉवेल गुंडाळलेले, कानाला फोन लावलेले बाप्ये खड्ड्याभोवती रांगेत बसलेले. पाणी पाझरायचं हळूहळू, आणि घाई केली की गढूळ व्हायचं. पांडू डोक्यावर हंडा ठेवून निघाला आणि पहिल्याच वळणावर हंड्यासकट चिखलात बसला. अनिल त्याला हसला आणि हसता हसता त्याची कळशी कलंडली. रांगेत सगळ्यांत पुढे महिपत होता. त्याची बायको आवडी सभेत कधी तोंड उघडत नाही, पण आदेश तिनेही पाळला होता.

"मास्तर, वाटीने भरायचं हे?"

"वाटीने."

"रोज?"

"दिवसातून चार वेळा."

त्याने कळशी खांद्यावर घेतली. अर्ध्या चढावर तो थांबला, कळशी खाली ठेवली, दम घेतला. मीही थांबलो. फणसापर्यंत आम्ही दोघे तीनदा थांबलो. वाटेत तो एकदाच बोलला. "आवडी कधी बोलली नाय रे," असं म्हणाला आणि पुढे चालू लागला.

दुपारी पालखी देवळात बसली होती आणि सभा भरली. सगळी घरं उघडी, सगळी हजर. नवरे सतरंजीवर, बायका त्यांच्या शेजारी. घरटी मत एकच, म्हणजे प्रत्येक घराला आधी आपल्यातच ठरवावं लागणार होतं. कुजबुज चालली होती, कोपरखळ्या चालल्या होत्या. एका घरात तर माझ्यासमोरच जुंपली आणि नवऱ्याने हात जोडले.

तुळसाने प्रस्ताव मांडला. या वेळी तिने भाषण केलं नाही, एवढंच म्हणाली, "सकाळी सगळ्यांनी बघितलंय."

मी प्रस्ताव मताला टाकला. रितेशचा हात वर गेला, पांडूचा गेला, अनिलचा गेला. चिखलाचे डाग अजून पांडूच्या पॅन्टवर होते. मी मोजत होतो आणि मोजायची गरजच उरली नव्हती. शेवटी आवडीने शेजारी बसलेल्या महिपतकडे पाहिलं. महिपतने डोक्यावरची टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि हात वर केला.

"महिपत," मी म्हटलं, "हा प्रस्ताव तुझ्याच विरोधात आहे."

"कळतंय रे मला! खांदा अजून ठनकतोय. लिही माझं घर तिकडं."

महिपतचं सरकार एकमताने पडलं, त्याच्या मतासकट. असं दिल्लीत कधी झालं असेल असं मला वाटत नाही. सगळ्यांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की बाहेरच्या ढोलवाल्यांना वाटलं पालखी उठली, आणि त्यांनी ढोल सुरू केले. ते बंद करायला माणूस धाडावा लागला.

महिपत कोंडाजीबाबांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, कारभार सोडला." गोदूबाईने तुळसाचं नाव सुचवलं. दुसरं नाव आलंच नाही.

कोंडाजीबाबा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "आता मी काय बोलू?"

"काही नाही, बाबा. ज्याच्यामागे सभा आहे त्याला नारळ द्यायचा."

त्यांनी तुळसाच्या ओटीत नारळ घातला. टेपवाडीला पहिल्यांदाच कारभारीण मिळाली. वरच्या झऱ्यावरून पाइप टाकायचा ठराव तिथल्या तिथे झाला, आणि मुंबईकरांनी सुटी वाढवून खणायला थांबायचं कबूल केलं. सकाळच्या खेपा त्यांच्या मानेत अजून ताज्या होत्या.

एवढ्यात महिपत पुन्हा उभा राहिला. सरकार गेल्यावर तो दहा वर्षांनी लहान झाल्यासारखा दिसत होता. छाती काढून म्हणाला, "अध्यक्ष महाराज, आता मी विरोधी पक्ष. माझी पहिली हरकत. कारभारीन आनि अध्यक्ष एकाच घरातले कसे? नवरा-बायको मिळून वाडी चालवनार का? मास्तरने खुर्ची सोडावी."

मला राग आला नाही. उलट अभिमान वाटला, कारण हरकत अगदी बरोबर होती आणि जन्मात पहिल्यांदा महिपतने नियमाला धरून भांडण काढलं होतं. मी उठलो. खुर्ची मला आवडली होती, हे खोटं कशाला सांगू. पण उठलो.

"बसा," तुळसा म्हणाली.

"अगो, तो बरोबर बोलतोय."

"बसा म्हनते ना." मग ती सभेकडे वळली. आवाज चढवला नाही. "भावजी बोलले ते खरं हाय. पन माझं ऐका. मागच्या सभेत सगळं यांच्या हातात होतं. माझे गुडघे यांना म्हाईत हायत, मी चढावर थांबते ते हे रोज बघतात. तरी यांनी माझ्या विरोधात मत दिलं. मी लई रागावले, अजून थोडी रागात हाय. पन उद्या मी कारभारीन म्हनून चुकले, आनि तुमी कुनी बोलायला घाबरलात, तर मला गप्प बसवनारा एक मानूस पायजे. असा दुसरा कोन गावंल मला? माझा ठराव हाय, अध्यक्ष हेच राहतील."

मग महिपतने स्वतःच हात वर केला. "विरोधी पक्षाचं अनुमोदन. लिहा."

एकेक करून सगळ्यांचे हात वर गेले. मी खुर्चीत बसलो. मला फक्त 'ठराव मंजूर' एवढंच म्हणायचं होतं. हजारदा शिकवलेले दोन शब्द. पण ते तोंडातून बाहेर पडेनात. समोर तुळसा नारळ धरून उभी होती आणि माझ्याकडे बघत होती, कितीतरी दिवसांनी सरळ बघत होती.

शेवटी घोंगड्यावरून कोंडाजीबाबाच म्हणाले, "ठराव मंजूर."

हा त्यांचा अधिकार नव्हता. मी हरकत घेतली नाही.